साठवलेल्या पैशाचा कागद झाला तेव्हा

बचत गटात आपण दर महिन्याला पै-पैचा हिशेब करतो. पण पैशाची किंमतच गेली तर? जर्मनीत दोन महायुद्धांच्या मधल्या काळात असं घडलं होतं. आज त्याबद्दल बोलू.

पहिलं महायुद्ध 1914 ते 1918 चाललं. जर्मन सरकारने खर्चासाठी लोकांकडून कर्ज घेतलं. घराघरांतून युद्धरोखे विकत घेतले गेले. जर्मनी हरला. वर जिंकलेल्या देशांना भरपाई द्यायची होती. तिजोरीत पैसा नव्हता, म्हणून सरकार नोटा छापत राहिलं. भरपाई थकली तेव्हा जानेवारी 1923 मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजा ऱ्हूर या कोळशाच्या भागात शिरल्या. निषेध म्हणून तिथल्या कामगारांनी काम बंद केलं. त्यांना पोसायला सरकारने आणखी नोटा छापल्या.

मग महागाईला धरबंद राहिला नाही. 1914 मध्ये एक डॉलर सुमारे 4.2 मार्कांना मिळे. नोव्हेंबर 1923 मध्ये त्यालाच 4.2 लाख कोटी मार्क लागत! पगार हातात पडला की लोक लगेच दुकानाकडे धावत, कारण संध्याकाळी भाव वाढलेला असे.

यात सगळे सारखे बुडाले नाहीत. कर्जदारांचं कर्ज चिल्लरीत फिटलं. जमीन, कारखाना असलेले तरले. बुडाले ते पेन्शनवर जगणारे, बँकेत पैसे ठेवणारे, रोखे जपणारे. युद्धात नवरा गमावलेल्या बायकाही त्यांत होत्या.

त्याच नोव्हेंबरात 'रेंटेनमार्क' हे नवं चलन आलं. त्यामागे शेतजमीन आणि उद्योगांचं तारण होतं. महागाई थांबली, पण गेलेली बचत पुरती परत आली नाही. सरकारवरचा विश्वासही उडाला. पुढे 1929 ची जागतिक मंदी आली. 1932 मध्ये सुमारे 60 लाख लोक बेकार होते. अशा चिडलेल्या, घाबरलेल्या देशात 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला.

जर्मन बायकांना 1918 मध्येच मताचा हक्क मिळाला होता. हिटलरने काही महिन्यांतच इतर पक्षांवर बंदी घातली, मग निवडायला उरलं काय? नव्या जोडप्यांना सरकार कर्ज देई, पण बायकोने नोकरी सोडायची या अटीवर.

म्हणून मैत्रिणींनो, आपण बचत करूच. थोडी शेळी, शिलाई मशीन अशा कामाच्या वस्तूंतही घालू. आणि देशाचा पैसा कसा खर्च होतो, हेही ग्रामसभेपासून मतदानापर्यंत विचारत राहू.