एफसी गोवा: प्रशिक्षक बदलले, करंडक आले, पण आयएसएल चषक अजून लांबच

फातोर्ड्याला सामना असला की चोर्ला घाटातून बेळगावच्या गाड्या खाली उतरतात, सावंतवाडी-बांद्याकडूनही पोरं जातात. कोल्हापूरकरांचं फुटबॉलवेड तर वेगळं सांगायलाच नको. त्यामुळे एफसी गोवा हा कागदावर एका राज्याचा संघ असला तरी त्याच्या हार-जितीची चर्चा सीमेच्या तिन्ही बाजूंना होते. या चर्चेत एक प्रश्न हमखास येतो: एवढे चांगले प्रशिक्षक आले, एवढा देखणा खेळ झाला, मग आयएसएलचा चषक का नाही? डिसेंबर २०२५ पर्यंतचा हिशोब समोर ठेवून एका चाहत्याच्या नजरेतून केलेला हा आढावा.

आधी पार्श्वभूमी

गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास एफसी गोवापासून सुरू होत नाही, हे नव्या प्रेक्षकांनी लक्षात ठेवायला हवं. २००६-०७ ते २०१२-१३ या सलग सात हंगामांत देशाचं साखळी विजेतेपद गोव्यातच राहिलं. धेंपोने चार वेळा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा आणि साळगावकरने एकदा ते जिंकलं. धेंपोची एकूण राष्ट्रीय विजेतेपदं पाच, आणि ती मिळवून देणारे प्रशिक्षक आर्मांदो कुलासो अस्सल गोंयकार. म्हणजे स्थानिक प्रशिक्षक देशात अव्वल संघ बांधू शकतो, हे गोव्याने कधीच दाखवून दिलंय.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि चित्र पालटलं. पैसा, प्रक्षेपण आणि प्रेक्षक नव्या लीगकडे गेले. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो यांनी आय-लीगमधून माघार घेतली. तेव्हापासून देशातल्या सर्वोच्च पातळीवर गोव्याची ओळख मुख्यतः एकाच संघावर येऊन ठेपली. नारिंगी जर्सी आणि बोधचिन्हावर गोव्याचा राज्यप्राणी गवा. घरचं मैदान मडगावजवळच्या फातोर्ड्याचं पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम.

अकरा हंगामांचा ताळेबंद

२०१४ ते २०२४-२५ या अकरा आयएसएल हंगामांत एफसी गोवा आठ वेळा शेवटच्या चारांत पोहोचला. त्यातून दोनदा अंतिम फेरी गाठली, २०१५ आणि २०१८-१९ मध्ये. दोन्ही वेळा हार. उरलेल्या सहा वेळा उपांत्य फेरीतच गाडी अडकली. उरले तीन हंगाम, ज्यांत संघ अनुक्रमे शेवटच्या, नवव्या आणि सातव्या स्थानावर राहिला.

दुसऱ्या बाजूला जमेचा रकानाही भक्कम आहे. २०१९-२० मध्ये साखळीत अव्वल राहून लीग विजेत्याची पहिली शिल्ड मिळवली. २०२१ मध्ये ड्युरँड कप जिंकला. सुपर कप तर तीनदा आला: एप्रिल २०१९, मे २०२५ आणि डिसेंबर २०२५. हा चषक दोनदा जिंकणारा पहिला संघ गोवाच. म्हणजे संघाला जिंकता येत नाही असं म्हणणं चुकीचं आहे. एका विशिष्ट स्पर्धेच्या एका विशिष्ट टप्प्यावर तो अडखळतो, असं म्हणणं बरोबर.

झिको: नावाचं वलय

पहिले तीन हंगाम ब्राझीलचे महान खेळाडू झिको यांच्याकडे संघ होता. २००६ च्या विश्वचषकात जपानचं प्रशिक्षकपद सांभाळलेला माणूस फातोर्ड्याच्या बाकावर बसलाय, हेच तेव्हा अप्रूप होतं. पहिल्या वर्षी उपांत्य फेरीत कोलकात्याविरुद्ध दोन्ही सामने गोलशून्य राहिले आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये हार झाली. दुसऱ्या वर्षी साखळीत पहिलं स्थान आणि घरच्या मैदानावर अंतिम सामना. २० डिसेंबर २०१५ ला चेन्नईयिनविरुद्ध ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोल करून २-१ अशी आघाडी दिली, आणि मग अखेरच्या काही मिनिटांत दोन गोल खाऊन सामना २-३ असा घालवला. त्या जखमेतून संघ लवकर सावरला नाही. २०१६ मध्ये आठ संघांत आठवा नंबर.

झिकोंनी संघाला वलय दिलं. पण संघाची कायमची अशी पद्धत त्या काळात बसली नाही. त्यांच्यानंतर काय, याचं उत्तर क्लबला नव्याने शोधावं लागलं.

लोबेरा: संघाला चेहरा मिळाला

ते उत्तर म्हणजे सर्जिओ लोबेरा. बार्सिलोनाच्या यंत्रणेत काम केलेला हा स्पॅनिश प्रशिक्षक २०१७ मध्ये आला आणि गोव्याचा खेळ ओळखू यायला लागला. चेंडू आपल्याकडे ठेवायचा, गोलरक्षकापासून चाल बांधायची, समोरच्यापेक्षा जास्त गोल करायचे. फेरान कोरोमिनास म्हणजे आपला कोरो, त्याने २०१७-१८ मध्ये १८ आणि २०१८-१९ मध्ये १६ गोल करून दोन्ही वेळा गोल्डन बूट पटकावला. मंदार राव देसाई, ब्रँडन फर्नांडिस, सेरिटन फर्नांडिस ही गोमंतकीय नावं याच काळात देशभर पोहोचली.

२०१८-१९ च्या अंतिम सामन्यात मुंबईत अहमद जाहूला लाल कार्ड मिळालं. दहा जणांनिशी झुंजणाऱ्या गोव्याविरुद्ध ११७व्या मिनिटाला बेंगळुरूच्या राहुल भेकेने गोल केला. पुढच्याच महिन्यात भुवनेश्वरात चेन्नईयिनला २-१ ने हरवून पहिला सुपर कप आणला, तेवढंच सांत्वन.

आणि मग आला क्लबचा सर्वात वादग्रस्त निर्णय. जानेवारी २०२० च्या अखेरीस, संघ गुणतालिकेत वर असताना, लोबेरांना बाजूला केलं. क्लिफर्ड मिरांडा यांनी हंगामी सूत्रं घेतली आणि जमशेदपूरला ५-० ने धुऊन शिल्ड पक्की केली. पण उपांत्य फेरीत चेन्नईयिनविरुद्ध एकूण ५-६ अशी हार झाली. लोबेरा मुंबई सिटीकडे गेले. जाहू, बुमू, फॉल आणि मंदारही तिकडेच गेले, आणि २०२०-२१ मध्ये मुंबईने शिल्ड आणि चषक दोन्ही उचलले. गोव्यात रुजवलेल्या झाडाची फळं मुंबईने खाल्ली, ही सल आजही चाहत्यांच्या बोलण्यात येते.

फेरांडो आणि पडझड

हुआन फेरांडो यांनी तोच धागा पुढे नेला. एप्रिल २०२१ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत खेळणारा गोवा हा पहिला भारतीय क्लब ठरला. सामने फातोर्ड्यालाच झाले. लॉराँ ब्लाँ यांच्या अल रय्यानला गोलशून्य बरोबरीत रोखलं आणि एकूण तीन बरोबरी साधल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोहम्मडनविरुद्ध एदू बेदियाच्या फ्री किकवर ड्युरँड कप जिंकला.

डिसेंबर २०२१ मध्ये, ऐन हंगामात, फेरांडो कोलकात्याच्या एटीके मोहन बागानला गेले. ज्येष्ठ गोमंतकीय प्रशिक्षक डेरिक परेरा यांनी घसरता गाडा हातात घेतला, पण संघ नववा आला. पुढच्या वर्षी क्लबचेच माजी बचावपटू कार्लोस पेन्या यांच्याकडे जबाबदारी दिली. सातवं स्थान मिळालं, बाद फेरी हुकली.

इथे एक गोष्ट स्पष्ट दिसते. झिकोनंतर जवळपास शून्यातून सुरुवात करावी लागली आणि फेरांडोंनंतर दोन हंगाम हातचे गेले. क्लबची खेळण्याची पद्धत प्रशिक्षकाच्या डोक्यात राहते, क्लबच्या यंत्रणेत पुरेशी मुरत नाही. तो गेला की तीही जाते.

मानोलो: स्थैर्य आलं, पण…

मानोलो मार्केझ २०२३ मध्ये आले तेव्हा त्यांच्या नावावर हैदराबाद एफसीचं २०२१-२२ चं आयएसएल विजेतेपद होतं. योगायोग असा की तो अंतिम सामनाही फातोर्ड्यालाच झाला होता. त्यांची खरी ख्याती तरुण भारतीय खेळाडू घडवण्याची. गोव्यातही त्यांनी तेच केलं. गोलरक्षक हृतिक तिवारी आणि स्थानिक पोरगा ब्रायसन फर्नांडिस त्यांच्या हाताखाली मोठे झाले.

निकालही बोलके आहेत. २०२३-२४ मध्ये ४५ गुणांसह तिसरं स्थान, २०२४-२५ मध्ये ४८ गुणांसह दुसरं. जुलै २०२४ पासून वर्षभर ते भारताच्या राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक होते. देशाच्या संघाला त्याचा फायदा झाला नाही, आठ सामन्यांत एकच विजय मिळाला. क्लबची कामगिरी मात्र ढासळली नाही. ३ मे २०२५ ला खालिद जमील यांच्या जमशेदपूरला ३-० ने हरवून सुपर कप आला, ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला २-१ ने हरवून एएफसी चॅम्पियन्स लीग टूच्या गट फेरीत प्रवेश मिळाला. त्या गटातून पुढे जाता आलं नाही, पण फातोर्ड्यावर बलाढ्य अल नस्रविरुद्ध १-२ अशी झुंज देताना गोल केला तो ब्रायसनने. ७ डिसेंबरला ईस्ट बंगालविरुद्ध गोलशून्य सामन्यानंतर शूटआऊटमध्ये ६-५ असा विजय मिळाला आणि सुपर कप राखला.

दुखणं नेमकं कुठे?

मोठ्या पराभवांची घड्याळं पाहा. २०१५ मध्ये अखेरच्या मिनिटांत दोन गोल. २०१९ मध्ये ११७वं मिनिट. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईविरुद्ध घरच्या मैदानावर ९०व्या मिनिटापर्यंत २-० ने पुढे, आणि तिथून भरपाई वेळ संपेपर्यंत २-३. २०२५ च्या उपांत्य फेरीत बेंगळुरूविरुद्ध पहिल्या सामन्यातली ०-२ ची पिछाडी ८८व्या मिनिटाला भरून काढली, आणि भरपाई वेळेत सुनील छेत्रीने डोक्याने चेंडू आत ढकलला. चार वेगवेगळे संघ, तीन वेगवेगळे प्रशिक्षक, पण गोष्ट एकच.

याला नशीब म्हणून सोडून देता येणार नाही. चाहता म्हणून माझं मत असं की गोव्याने कायम आक्रमक, चेंडू खेळवणारे संघ बांधले, पण शेवटची दहा मिनिटं सामना ‘मारून टाकणारी’ फळी बांधली नाही. आघाडी असताना चेंडू कोपऱ्यात नेणं, वेळेवर ताजा बचावपटू उतरवणं, हवेतल्या चेंडूंवर पहिली उडी आपली असणं, हे देखणं नसतं. पण चषक असल्याच कामांवर ठरतात. सुपर कपच्या अंतिम सामन्यात डिसेंबरमध्ये १२० मिनिटं एकही गोल न खाता शूटआऊट जिंकणं हे म्हणूनच महत्त्वाचं. संघ हे शिकू शकतो, याचा तो पुरावा आहे.

पुढची वाट

पहिला मुद्दा भारतीय खेळाडूंचा. आयएसएलच्या सुरुवातीला मैदानावर सहा परदेशी चालायचे, २०१७ पासून पाच, २०२१ पासून चार. अकरापैकी सात जण भारतीय असणार म्हटल्यावर स्थानिक पोरं घडवणारा क्लबच टिकेल. साल्सेत, बार्देस, तिसवाडीच्या गावागावांत मैदानं आहेत, खेळ रक्तात आहे. सिंधुदुर्ग, बेळगाव आणि कोल्हापूरची गुणी मुलंही हाकेच्या अंतरावर आहेत. सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. या पट्ट्याकडे क्लबने आपलं अंगण म्हणून पाहायला हवं.

दुसरा मुद्दा प्रशिक्षकांच्या वारशाचा. क्लिफर्ड मिरांडा यांनी २०२३ मध्ये हंगामी प्रशिक्षक म्हणून ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला. खालिद जमील यांना ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संघ मिळाला. कुलासोंच्या गोव्यात मात्र स्थानिक प्रशिक्षकाची आठवण संकटातच होते. मानोलोंच्या शेजारी आज एक गोमंतकीय उत्तराधिकारी तयार केला, तर त्यांच्यानंतर पुन्हा शून्यावर यावं लागणार नाही.

तिसरा मुद्दा क्लबच्या हातात नसलेला. फुटबॉल महासंघ आणि लीगच्या व्यावसायिक भागीदारातला करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला आणि २०२५-२६ चा हंगाम वेळेवर सुरूच होऊ शकला नाही. लीगचंच भवितव्य डळमळीत असताना खेळाडूंचे लांबचे करार आणि अकादमीवरचा खर्च सर्वात आधी कापला जातो. आय-लीगच्या वेळी गोव्याने तीन जुने क्लब मागे हटताना पाहिले आहेत. तशी वेळ पुन्हा येऊ द्यायची नसेल तर फातोर्ड्याच्या खुर्च्या भरलेल्या राहणं हे चाहत्यांच्या हातातलं एकमेव काम आहे.

एकूण निकाल द्यायचा तर असा: प्रशिक्षक निवडण्यात क्लब बहुतेक वेळा बरोबर ठरला, त्यांना टिकवण्यात आणि त्यांचं काम पुढे चालवण्यात कमी पडला. संघ आज देशातल्या पहिल्या तीन-चारांत नक्की आहे. चषकासाठी नव्या तारांकित नावापेक्षा ८५व्या मिनिटानंतरची शिस्त आणि मानोलोंनंतरची तयारी, या दोन गोष्टी जास्त गरजेच्या आहेत.