विशाखापट्टणम : मँगनीजसाठी बांधलेलं बंदर पूर्व किनाऱ्यावरचं मोठं औद्योगिक शहर कसं बनलं?

विशाखापट्टणम म्हटलं की बहुतेकांना समुद्रकिनाऱ्यावर उभी केलेली पाणबुडी, अरकू व्हॅली किंवा क्रिकेटचं स्टेडियम आठवतं. पण आंध्र प्रदेशातल्या या शहराचं आधुनिक बंदर बांधलं गेलं, ते शेकडो किलोमीटर आत असलेल्या मध्य प्रांतातल्या खाणींसाठी. आज महाराष्ट्रात असलेले नागपूर आणि भंडारा हे जिल्हे तेव्हा या प्रांतात होते.

१९३३ मध्ये बंदर सुरू झालं आणि त्यामागून शिपयार्ड, रिफायनरी, नौदलाचा मोठा तळ आणि पोलाद कारखाना आला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांवर गेली होती. हे सगळं एकाच जागी का आलं आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे समजून घ्यायचं तर आधी इथले डोंगर पाहावे लागतात.

डोंगरांच्या आडोशाला असलेली खाडी

भारताचा पूर्व किनारा बराचसा सपाट आणि वाळूचा आहे. बंगालच्या उपसागरातली वादळं थेट किनाऱ्यावर आदळतात, त्यामुळे जहाजांना आसरा मिळेल अशा जागा कमी आहेत. विशाखापट्टणमला मात्र पूर्व घाटाचे डोंगर समुद्राला येऊन भिडतात.

त्यातली एक टेकडी थेट पाण्यात घुसली आहे. तिच्या आकारामुळे तिला 'डॉल्फिन्स नोज', म्हणजे डॉल्फिनचं नाक म्हणतात. तिच्या आडोशाला एक खाडी आणि खाजण जमीन होती. ही जागा खोल केली आणि समुद्राकडून आत येणारा अरुंद मार्ग मोकळा केला, तर सुरक्षित बंदर होऊ शकतं, हे इंग्रज अभियंत्यांच्या लक्षात आलं होतं.

बंदराच्या आधी इथे काय होतं?

शहराचा इतिहास इंग्रजांपासून सुरू होत नाही. शहर आणि भीमुनिपट्टणम यांच्या दरम्यानच्या टेकड्यांवर तोटलकोंडा आणि बाविकोंडा या ठिकाणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध विहारांचे अवशेष आहेत. तोटलकोंडाचा शोध योगायोगाने लागला. १९७०च्या दशकात नौदलाच्या तळासाठी हवाई पाहणी सुरू असताना हे अवशेष नजरेस पडले. पुढे १९८८ ते १९९२ या काळात तिथे उत्खनन झालं.

सिंहाचलमच्या वराह नरसिंह मंदिरात अकराव्या शतकाच्या शेवटचा चोळकालीन शिलालेख आहे. विजयनगरचा राजा कृष्णदेवराय इथे येऊन गेल्याच्या नोंदीही मंदिरातल्या शिलालेखांत सापडतात.

सतराव्या शतकात भीमुनिपट्टणमला डच व्यापारी आले आणि त्याच शतकाच्या अखेरीस विशाखापट्टणमला इंग्रजांनी वखार घातली. १७५७ मध्ये फ्रेंचांनी ती जिंकली, पण लवकरच हा भाग पुन्हा इंग्रजांकडे गेला. तरीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मोठी जहाजं किनाऱ्यापासून दूर नांगर टाकत आणि माल लहान होड्यांतून ने-आण करावा लागे.

मध्य प्रांताचं मँगनीज आणि १९३३ चं बंदर

पोलाद तयार करताना मँगनीज लागतं. नागपूर, भंडारा आणि बालाघाट हा त्याचा देशातला मोठा पट्टा. पण इथलं खनिज परदेशी पाठवायचं, तर मुंबई किंवा कोलकाता गाठावं लागे. मधल्या किनाऱ्यावर बंदर झालं, तर अंतर बरंच कमी होणार होतं. म्हणून बंगाल नागपूर रेल्वेने विशाखापट्टणमच्या बंदराचा आग्रह धरला.

१९२०च्या दशकात काम सुरू झालं. गाळ काढून खाडी खोल करण्यात आली. लाटा अडवण्यासाठी दोन जुनी जहाजं तोंडाशी बुडवून बंधारा तयार केला गेला. बंदराला खाणींशी जोडणारा रायपूर–विजयनगरम लोहमार्ग १९३१ मध्ये पूर्ण झाला. ७ ऑक्टोबर १९३३ रोजी 'जलदुर्गा' हे पहिलं जहाज बंदरात आलं आणि डिसेंबरमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांनी बंदराचं औपचारिक उद्घाटन केलं.

आजही नागपूरहून विशाखापट्टणमला जाणारी समता एक्स्प्रेस गोंदिया, रायपूर, रायगडा मार्गे याच लोहमार्गाने धावते.

सोलापूरचे वालचंद आणि 'जलउषा'

या शहराचं महाराष्ट्राशी असलेलं दुसरं नातं म्हणजे वालचंद हिराचंद. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या या उद्योजकाने १९१९ मध्ये इतर भागीदारांसोबत सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी सुरू केली. कंपनीचं पहिलं जहाज 'लॉयल्टी' ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून विकत घेतलं होतं, म्हणून कंपनीला त्यांचं नाव मिळालं. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून निघालं. त्या आठवणीत ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

जहाजं चालवायची तर ती इथेच बांधायलाही हवीत, असं वालचंद यांचं म्हणणं होतं. त्यासाठी अखेर विशाखापट्टणमची निवड झाली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते शिपयार्डची पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९४२ मध्ये, जपानी विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले आणि काम लांबलं.

१४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ८ हजार टनी 'जलउषा' पाण्यात उतरली. देश स्वतंत्र झाल्यानंतर भारतीय शिपयार्डमधून पाण्यात उतरलेलं हे पहिलं मोठं व्यापारी जहाज. १९५२ मध्ये सरकारने शिपयार्डमध्ये मोठा हिस्सा घेतला आणि ते 'हिंदुस्तान शिपयार्ड' झालं. २०१० पासून ते संरक्षण मंत्रालयाकडे आहे. शहरात त्या भागाला मात्र आजही 'सिंदिया' असंच म्हणतात.

नौदलाचं शहर

भारतीय नौदलाच्या पूर्व कमांडचं मुख्यालय इथे आहे. १९७१ च्या युद्धात 'विक्रांत' या विमानवाहू जहाजाच्या शोधात निघालेली पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी ३ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. 'विक्रांत' तेव्हा अंदमानकडे होतं. 'राजपूत' या युद्धनौकेच्या माऱ्यामुळे गाझी बुडाली, असं भारतीय नौदल सांगतं. पाकिस्तानच्या म्हणण्यानुसार ती आतल्या स्फोटामुळे किंवा स्वतःच्याच सुरुंगामुळे बुडाली. या युद्धातल्या विजयाचं स्मारक बीच रोडवर आहे.

देशात बांधलेली पहिली अणुपाणबुडी 'अरिहंत' २००९ मध्ये इथेच पाण्यात उतरली.

स्टील प्लांट : हक्काची लढाई

स्वातंत्र्यानंतर बंदराचं मुख्य खनिज बदललं. छत्तीसगडमधल्या बैलाडिलाचं उत्तम प्रतीचं लोहखनिज जपानला पाठवण्यासाठी १९६०च्या दशकात डोंगर फोडून कोत्तवलसा–किरंदुल लोहमार्ग टाकला गेला. मोठ्या जहाजांसाठी १९७०च्या दशकात बाहेरचं बंदर बांधलं गेलं.

लोखंड इथून बाहेर जातं, तर पोलादाचा कारखाना इथेच का नको, हा प्रश्न १९६६ मध्ये आंध्रभर पेटला. 'विशाखा उक्कु, आंध्रुल हक्कु', म्हणजे 'विशाखाचं पोलाद हा आंध्रवासीयांचा हक्क', ही त्या आंदोलनाची घोषणा होती. गोळीबारात ३२ जणांचा जीव गेल्याचं सांगितलं जातं. १९७१ मध्ये इंदिरा गांधींनी पायाभरणी केली. निधीअभावी काम रखडत गेलं आणि १९९२ मध्ये पंतप्रधान नरसिंह राव यांनी कारखाना राष्ट्राला अर्पण केला. त्यासाठी हजारो कुटुंबांनी जमिनी दिल्या.

कारखान्याची वार्षिक क्षमता आज ७३ लाख टन आहे. पण त्याच्याकडे स्वतःची लोहखनिजाची खाण नाही. स्पर्धक कंपन्यांना स्वतःच्या खाणींतून स्वस्तात खनिज मिळतं, तर या कारखान्याला ते विकत घ्यावं लागतं. या खर्चाने आणि कर्जाने कारखाना अडचणीत आला. जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने त्यातला आपला १०० टक्के हिस्सा विकायला तत्त्वतः मंजुरी दिली आणि कामगार रस्त्यावर उतरले. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने ११,४४० कोटी रुपयांचं पॅकेज मंजूर केलं. पण खासगीकरणाचा निर्णयच मागे घ्या, ही कामगार संघटनांची मागणी त्यानंतरही कायम राहिली.

ज्या डोंगरांनी आसरा दिला, त्यांनीच धूर अडवला

बंदराला वाऱ्यापासून वाचवणाऱ्या डोंगरांमुळे शहराच्या औद्योगिक भागाचा आकार वाटीसारखा झाला आहे. त्यामुळे कारखान्यांचा धूर आणि बंदरातली कोळशाची, खनिजाची धूळ लवकर बाहेर पडत नाही. जुन्या शहरातले रहिवासी घरात साचणाऱ्या काळ्या धुळीची तक्रार वर्षानुवर्षं करत आले आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातले ४३ औद्योगिक पट्टे अतिप्रदूषित ठरवले, त्यात विशाखापट्टणम होतं.

जागा मर्यादित असल्याने कारखाने आणि वस्त्या एकमेकांना चिकटल्या. सप्टेंबर १९९७ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियमच्या रिफायनरीत गॅसगळतीनंतर भीषण आग लागली आणि पन्नासहून अधिक लोकांचा मृत्यू झाला.

७ मे २०२० च्या पहाटे एलजी पॉलिमर्सच्या कारखान्यातून स्टायरिन वायूची गळती झाली. लॉकडाऊनमुळे कारखाना बंद होता आणि टाकीतल्या रसायनाचं तापमान वाढत गेलं होतं. झोपेत असलेल्या वस्तीत वायू पसरला. किमान १२ जणांचा जीव गेला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. १९६० च्या सुमारास हा कारखाना सुरू झाला, तेव्हा तो शहराबाहेर होता. पुढे शहर वाढत त्याच्या भिंतीपर्यंत पोहोचलं, पण दोघांमध्ये मोकळी जागा राखली गेली नाही.

विशाखापट्टणममध्ये काय पाहाल?

• कुरसुरा पाणबुडी संग्रहालय : १९६९ ते २००१ अशी ३१ वर्षं नौदलात असलेली ही पाणबुडी २००२ पासून रामकृष्ण बीचवर आहे. आत जाऊन खलाशांची झोपायची जागा आणि टॉर्पेडो पाहता येतात. समोरच टीयू-१४२ या टेहळणी विमानाचं संग्रहालय आहे.

• बंदराजवळच्या तीन टेकड्या : एकीवर चर्च, दुसरीवर वेंकटेश्वराचं मंदिर आणि तिसरीवर दर्गा. इथून बंदरात येणारी जहाजं अगदी जवळून दिसतात.

• सिंहाचलम : इथली मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाने झाकलेली असते. मूळ रूपाचं दर्शन फक्त अक्षय्य तृतीयेला होतं, त्या दिवशी प्रचंड गर्दी असते.

• भीमुनिपट्टणमचा रस्ता : शहरातून उत्तरेकडे जाताना कैलासगिरी, रुषिकोंडा बीच, तोटलकोंडा, 'एर्र मट्टी दिब्बलु' ही लाल वाळूची भूशास्त्रीय वारसास्थळं आणि शेवटी डच दफनभूमी, असं सगळं एका दिवसात पाहता येतं.

• अरकू आणि बोर्रा गुहा : शहरापासून साधारण ११५ किलोमीटरवर असलेल्या अरकूला रेल्वेने जाणं चांगलं. लोहखनिजासाठी टाकलेल्या त्याच मार्गावर पन्नासहून अधिक बोगदे लागतात. अरकूची कॉफी आदिवासी शेतकरी पिकवतात.

फिरण्यासाठी नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळाचा धोका असतो. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी 'हुदहुद' थेट याच शहरावर धडकलं होतं. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून थेट रेल्वे आहे.

पुढे काय?

बंदरातून २०२३-२४ मध्ये ८ कोटी टनांहून अधिक मालाची वाहतूक झाली. शेजारीच गंगावरमचं खोल पाण्याचं खासगी बंदर आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गुगलने इथे पाच वर्षांत सुमारे १५ अब्ज डॉलर गुंतवून डेटा सेंटर उभारण्याची घोषणा केली. त्याला धूर नसेल, पण जमीन, वीज आणि पाणी भरपूर लागेल. नवे उद्योग कुठे बसवायचे आणि वस्तीपासून किती अंतरावर ठेवायचे, हे इथे आधी ठरवलं गेलं नाही तर काय होतं, ते १९९७ आणि २०२० मध्ये दिसलं आहे.