मुक्त संगणकप्रणालीची देवनागरी आणि विलेपार्ले

संगणकाचे यंत्र आणि त्यावर काम करणारा माणूस यांच्यामध्ये जी मूळ आज्ञावली उभी असते, तिला कार्यप्रणाली म्हणतात. आणि जिची संहिता, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, कोणालाही वाचण्याची, बदलण्याची व इतरांना देण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते, ती मुक्त कार्यप्रणाली होय. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला ग्नू प्रकल्प आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतलेला लिनक्सचा गाभा यांच्या संयोगातून तिचे आजचे प्रचलित रूप सिद्ध झाले. भारतात सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले खरे, परंतु टेलिफोनच्या तारेवरून एवढी मोठी प्रणाली उतरवून घेणे घरगुती ग्राहकाला परवडणारे नव्हते. त्यामुळे ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने मार्च १९९६ च्या अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली, तेव्हा अनेक हौशी तंत्रज्ञांची या प्रणालीशी पहिली गाठ पडली.

विलेपार्ल्याचा सांस्कृतिक इतिहास लिहिणारे बहुधा रेल्वेच्या पूर्वेला, टिळक मंदिर आणि बिस्किटांच्या कारखान्यापाशी थांबतात. मुक्त प्रणालीत देवनागरी आणण्याच्या इतिहासाचा धागा मात्र पश्चिमेला, जुहू-विलेपार्ले योजनेतील गुलमोहर क्रॉस रोड क्रमांक ९ वर सापडतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणक विभागातून वेगळी झालेली नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजेच एनसीएसटी, ही संस्था १९८५ मध्ये स्थापन झाली व एस. रमणी तिचे पहिले संचालक झाले. देशातील शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या ‘अर्नेट’ या जाळ्याच्या उभारणीत तिचा मोठा वाटा होता, आणि लिनक्स ज्या घराण्यातली आहे त्या युनिक्स प्रणालीत तिथली मंडळी चांगलीच मुरलेली होती.

अडचण होती ती अक्षरांची. ‘कि’ लिहिताना कळफलकावर आधी क आणि मग वेलांटी दाबली जाते, स्मृतीतही त्याच क्रमाने साठते, पण पडद्यावर वेलांटी आधी काढावी लागते. ‘अर्क’मधला र उच्चारात क च्या आधी असूनही रफार होऊन त्याच्या डोक्यावर चढतो. मराठीत आणखी एक पेच असा की ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, हा भेद दुसऱ्या शब्दातल्या अर्ध्या र वर अवलंबून असतो, आणि हिंदीचे काम त्यावाचून भागत असल्याने हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या सोयीत तो सुटून जाण्याचा धोका असे. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकाने आणि पुढे युनिकोडने अक्षरांचे सांकेतिक क्रमांक ठरवले, तरी ती जोडून काढायची कशी हे काम प्रणालीवरच राहिले. तोवर मराठी छपाईचा व्यवहार व्यापारी फाँटांवर चालला होता. एका फाँटात टंकलेला मजकूर दुसऱ्यात उघडला तर निव्वळ चिन्हांचा कचरा दिसे, आणि ते फाँट मुख्यतः विंडोजसाठी असल्याने मराठीत लिहिणारा आपोआपच त्या प्रणालीला बांधला जाई. अशा स्थितीत मुक्त प्रणालीचा प्रचार कितीही केला असता तरी तो मराठी छापखान्याच्या उंबरठ्यावरून परत आला असता.

एनसीएसटीतील एस. पी. मुदूर, निरंजन नायक, श्रीनाथ शानभाग आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी भारतीय लिप्यांच्या या आकारघडणीची रचना ‘कॉम्प्युटर्स अँड ग्राफिक्स’ या नियतकालिकात १९९९ मध्ये मांडली. त्याच संस्थेतील ‘इंडिक्स’ प्रकल्पाने लिनक्समध्ये देवनागरी आणताना ती थेट एक्स विंडो या थरात घातली. पडद्यावर चौकटी आणि अक्षरे काढण्याचे काम तेव्हा हाच थर करी, त्यामुळे प्रत्येक प्रोग्राम स्वतंत्रपणे न बदलता सर्वांना देवनागरी मिळावी असा हिशेब होता. जोशी यांचा ‘रघू’ हा फाँटही मुक्त परवान्याखाली दिला गेला. विंडोजसोबत येणारा मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा ‘मंगल’ आणि सर्वांना मोकळा असलेला ‘रघू’ ही दोन्ही एकाच हातची कामे आहेत, ही गोष्ट मालकी विरुद्ध मुक्तता असा सरळ सामना रंगवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

इंडिक्सचा विचार तर्कशुद्ध होता, पण जगाने दुसरी वाट धरली. पडद्यावरच्या खिडक्या-बटणे रचण्यासाठी मार्च २००२ मध्ये आलेल्या जीटीके २.० या संचासोबत ‘पँगो’ हा अक्षरजोडणीचा संच आला. तो एक्स विंडोच्या वरच्या थरात काम करी, आणि त्याच परंपरेतून पुढे ‘हार्फबझ’ निर्माण झाला. एक्स विंडोच्या मूळ संहितेत इंडिक्सचे बदल रुजले नाहीत. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये संहिता खुली करणे ही केवळ सुरुवात असते, कारण मूळ प्रकल्पाच्या सांभाळकर्त्यांशी वर्षानुवर्षे वाद घालून ती त्यांच्या गळी उतरवावी लागते. मुदत आणि अनुदान यांत बांधलेल्या सरकारी प्रकल्पाच्या चौकटीत हे काम सहसा बसत नाही.

२००३ मध्ये एनसीएसटी सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत विलीन झाली आणि सी-डॅकच्या मुंबई केंद्रात ‘जनभारती’ हा मुक्त सॉफ्टवेअरच्या देशीकरणाचा, म्हणजे आदेशसूची व संदेश स्थानिक भाषांत आणण्याचा, प्रकल्प चालला. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधील प्राध्यापक जितेंद्र शाह यांच्या ‘इंडिकट्रान्स’ गटाने मराठी भाषांतराचे असेच काम केले होते. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात नागार्जुन जी. यांनी ही चळवळ शिक्षणक्षेत्रात नेली, तर पुण्यात कार्यालय असलेल्या रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ फाँट मुक्त केले. सी-डॅकने ‘बॉस’ ही स्वतःची लिनक्स आवृत्तीही काढली, पण ती चेन्नईत घडली.

केंद्र सरकारचे मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण मार्च २०१५ मध्ये आले. त्याआधीच सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती निवडली होती, आणि खटल्यांच्या नोंदींची त्यांची आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने तयार केली. अशा उबुंटूवर मराठी नाव टंकले जाते, तेव्हा त्यातला रफार जागेवर बसवतात ते पँगो आणि हार्फबझ. त्यात गुलमोहर रस्त्यावरची इंडिक्सची संहिता नाही.