काचेच्या तंतूतून धावणारा संवाद

परभणी जिल्ह्यातील सोनपेठहून मुंबईला दूरध्वनी लावला, की आवाजाचा बहुतांश प्रवास काचेतून होतो. मानवी केसापेक्षा किंचित जाड अशा या तंतूला प्रकाशतंतू किंवा ऑप्टिकल फायबर म्हणतात.

तंतूचा व्यास १२५ मायक्रोमीटर असतो. लांब पल्ल्याच्या तंतूत प्रकाश वाहून नेणारा गाभा जेमतेम ९ मायक्रोमीटरचा असतो. गाभ्याचा अपवर्तनांक भोवतालच्या काचेपेक्षा थोडा अधिक ठेवलेला असतो. त्यामुळे अगदी तिरकस कोनातून सीमेवर आदळलेला प्रकाश बाहेर न पडता आत परततो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. लेसरची अतिवेगवान उघडझाप म्हणजेच शून्य आणि एक या अंकांत बांधलेला संदेश. १० गिगाबिट वेगाच्या दुव्यात सेकंदाला एक हजार कोटी अंक जातात. वेगवेगळ्या तरंगलांबीचे अनेक लेसर एकाच तंतूत सोडून ही क्षमता कित्येक पटींनी वाढवता येते.

खरी अडचण होती ती काचेच्या अशुद्धतेची. किलोमीटरभर अंतरानंतर एक टक्का प्रकाश उरला, तरी दूरसंचारासाठी काच उपयोगी ठरेल, असे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. कॉर्निंग कंपनीने १९७० मध्ये हे उद्दिष्ट गाठले. आज शंभर किलोमीटरनंतरही एक टक्का प्रकाश शिल्लक राहतो. साधारण तेवढ्या अंतरावर अर्बियमयुक्त तंतूचा प्रवर्धक त्याला पुन्हा बळ देतो. काओ यांना या कार्यासाठी २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्राचा या तंत्राशी संबंध जुना आहे. स्थानिक दूरध्वनी केंद्रे जोडणारी देशातील पहिली प्रकाशतंतू यंत्रणा १९७९ मध्ये पुण्यात कार्यान्वित झाली. ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याच्या योजनेस केंद्राने २०११ मध्ये मंजुरी दिली. तीच पुढे 'भारतनेट' झाली.

काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. सोनपेठ ते मुंबई केबल ५०० किलोमीटर धरली, तरी तो अडीच मिलिसेकंदांत पोहोचतो. मात्र सारा भार एकाच केबलवर असेल, तर रस्त्याच्या खोदकामात बसलेला एक घाव बँक, रुग्णालय आणि तहसील कार्यालय एकाच वेळी ठप्प करू शकतो. तुटलेल्या टोकावरून परतणाऱ्या प्रकाशाला लागलेल्या वेळेवरून बिघाडाचे ठिकाण शोधता येते. पण सेवा अखंड राहते ती दुसऱ्या दिशेनेही जोडलेल्या वर्तुळाकार जाळ्यामुळेच. म्हणून तालुक्याच्या गावी तंतू पोहोचणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो दोन वाटांनी पोहोचणेही.