रेस्क्यू मॉडिफायर (रुबी)

रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेत, एखादी क्रिया फसल्यास वापरायचे पर्यायी मूल्य त्याच ओळीत देण्याची सोय. क्रियेमागे ‘रेस्क्यू’ लिहून पुढे पर्याय द्यायचा. त्यासाठी बिगिन–एंड अशी चौकट बांधावी लागत नाही. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या भाषेच्या सुटसुटीतपणाला ही सोय शोभते. मात्र तिचा अर्थ बरीच वर्षे सगळीकडे सारखा लागत नव्हता.

‘क = वाच() रेस्क्यू ०’ या एकेरी असाइनमेंटमध्ये रेस्क्यूची पकड बरोबरीच्या चिन्हापेक्षा घट्ट असते. पार्सर आधी ‘वाच() रेस्क्यू ०’ असा गट करतो आणि वाचन फसल्यास ‘क’मध्ये ० जातो. डावीकडे दोन व्हेरिएबल आले, की रुबी २.६ पर्यंत गट बदले: ‘(क, ख = वाच()) रेस्क्यू [०, ०]’. अशा वेळी असाइनमेंट होतच नसे, पर्यायी ॲरे वाया जाई आणि एररही गिळली जाई. ‘क’ व ‘ख’ नवे असतील तर त्यांत निल उरे. आधीचे असतील तर जुनी मूल्ये कायम राहत. हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण शिळे मूल्य खऱ्यासारखेच दिसते आणि बिघाड भलत्याच ठिकाणी उघड होतो.

मूळ कारण यॅक पद्धतीने लिहिलेल्या व्याकरणात होते. एकेरी असाइनमेंट तिथे एक्स्प्रेशन मानली जाते आणि तिच्या उजव्या बाजूसाठी रेस्क्यूचा स्वतंत्र नियम होता. अनेकपदी असाइनमेंट स्टेटमेंटच्या पातळीवर येई. तिथे तो नियम नसल्याने अख्ख्या स्टेटमेंटला लागणारा रेस्क्यू लागू होई. एका स्वल्पविरामाने ओळीचा अर्थ उलटावा, हे भाषेच्या वापरकर्त्यावर अन्यायकारकच होते.

डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या रुबी २.७ ने दोन्ही प्रकारांना एकच अर्थ दिला. सुधारणा योग्य होती, पण जुन्या कोडचे वर्तन तिने बदलले: ‘क, ख = वाच() रेस्क्यू निल’ या ओळीत पूर्वी टिकणारी जुनी मूल्ये आता निलने पुसली जातात. उजवी बाजू कंसात घातली, तर जुन्या-नव्या दोन्ही आवृत्त्यांत अर्थ एकच लागतो.

या मॉडिफायरला एररचा प्रकार सांगता येत नाही. स्टँडर्डएरर व तिचे सर्व उपप्रकार तो पकडतो. त्यामुळे मेथडचे नाव चुकीचे टाइप झाले तरी ती चूक झाकली जाते. रुबोकॉप हे तपासणी-साधन त्याच्या वापराला हरकत घेते.