तीन गोदावरी आणि एक डोलकाठी

बीड जिल्ह्याची उत्तरेची शीव गोदावरीने आखली आहे. गेवराई आणि माजलगाव तालुक्यांच्या कडेने ती पूर्वेला निघून जाते. अरबी समुद्र इथून तीनशेएक किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पलीकडे. तरी या नदीचे नाव लावून आजवर तीन युद्धनौका समुद्रात उतरल्या. पहिली दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये बांधलेली. फाळणीच्या वाटणीत ती पाकिस्तानकडे गेली आणि तिचे नाव ‘सिंध’ झाले. दुसरी म्हणजे ‘बेडेल’ ही ब्रिटिशांची वापरलेली विनाशिका, 1953 मध्ये उसनी आणलेली. तिसरी मात्र मुंबईच्या माझगाव गोदीत, भारतीय अभियंत्यांच्या आराखड्यावर बांधली गेली आणि 10 डिसेंबर 1983 रोजी नौदलात दाखल झाली.

या तिसऱ्या गोदावरीच्या डोलकाठीकडे त्या काळी एखादा परदेशी नौदल अधिकारी दुर्बिणीतून पाहत असता, तर गोंधळून गेला असता. हवेतले लक्ष्य दुरून हेरणारे रडार मूळ डच, त्याच्या जोडीला ‘अंगारा’ हे सोव्हिएत रडार. विमानविरोधी क्षेपणास्त्रे सोव्हिएत आणि त्यांना नेम दाखवणारे रडारही सोव्हिएत. या सगळ्यांची माहिती एका पडद्यावर गोळा करणारा संगणक इटलीच्या सेलेनिया कंपनीचा. शीतयुद्धाच्या ऐन भरात, एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसलेल्या दोन गोटांची यंत्रे एकाच जहाजावर सुखाने नांदत होती.

सुखाने म्हणजे तशी बरीच उस्तवार करून. सोव्हिएत उपकरणांना 380 व्होल्टची, 50 हर्ट्झची वीज लागे. पाश्चात्त्य घडणीच्या जहाजावर 440 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ. लक्ष्याची दिशा आणि जहाजाचे हेलकावे सांगण्याच्या विद्युत संकेतांची रीतही दोघांची वेगळी. त्यामुळे मध्ये बसून दोन्ही बाजू सांभाळणारी जोडणी-यंत्रणा भारतात तयार करावी लागली. जलावतरणाच्या फोटोंत हे काम दिसत नाही, पण जहाजाचे खरे बाळंतपण तेच होते.

मग एकाच घरचे सामान का घेतले नाही? कारण भारताला तसे घर नव्हते. नाटो देशांना किंवा अमेरिकेच्या मित्रांना रडार निवडणे तुलनेने सोपे गेले. अमेरिकेचे ‘स्पाय-1’ हे चारी दिशांना पाहणारे रडार ‘एजिस’ प्रणालीसह जपानच्या ‘कोंगो’ विनाशिकेवर 1993 मध्ये आले, पुढे स्पेन, नॉर्वे, दक्षिण कोरिया आणि ऑस्ट्रेलियानेही ते घेतले. डच आणि जर्मन फ्रिगेटींवर ‘स्मार्ट-एल’ आणि ‘अपार’ ही एकच जोडी दिसते. मित्राकडून रडार घेतले की क्षेपणास्त्र, प्रशिक्षण आणि सुटे भाग मागोमाग येतात. कोणत्याही लष्करी करारात नसलेल्या देशाला प्रत्येक वस्तू वेगळ्या दारी जाऊन मागावी लागते.

सोव्हिएत दार आधी उघडले. 1971 मध्ये त्यांच्याकडून आठ क्षेपणास्त्र नौका आल्या. त्या उतरवून घेण्याइतकी अवजड यारी तेव्हा मुंबईत नव्हती, म्हणून त्या कलकत्त्याला उतरल्या आणि किनाऱ्याकिनाऱ्याने ओढत मुंबईला आणल्या गेल्या. इतक्या छोट्या बोटी इतक्या लांब ओढून नेता येतात, हे त्यातूनच कळले. 4 डिसेंबरच्या रात्री त्यांतल्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ कराचीवर चालून गेल्या आणि पाकिस्तानची ‘खैबर’ विनाशिका बुडाली. या बोटींचे ‘रांगूत’ रडार आकाराच्या मानाने फार लांबचे पाही. हिवाळ्याच्या संध्याकाळी अरबी समुद्रावर हवेचे थर असे बसतात की रडारच्या लहरी पाण्याला धरून वाकत जातात, आणि एरवी क्षितिजाखाली दडलेले जहाज पडद्यावर उमटते. निसर्गाची ही साथ आपल्या खलाशांनी पुरेपूर वापरली.

डच दाराची हकिगत अधिक मजेशीर आहे. 1972 मध्ये माझगावने बांधलेली पहिली मोठी फ्रिगेट ‘निलगिरी’ नौदलात आली. आराखडा ब्रिटिश लिअँडर वर्गाचा, त्यामुळे रडारही ब्रिटिश. त्यांतले ‘टाइप 965’ मीटरभराहून लांब लहरींवर चाले. उंचावरचे विमान त्याला दुरून दिसे, पण पाण्याला लागून येणाऱ्या वस्तूपुढे त्याचे फारसे चालत नसे. नौदलाने पुढच्या फ्रिगेटींसाठी ब्रिटिश रडार सोडले आणि हेंगेलो गावातल्या सिग्नाल कंपनीचे दार ठोठावले. 1954 मध्ये स्थापन झालेल्या बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ते रडार परवान्याखाली बनवायला घेतले.

हा निर्णय किती शहाणपणाचा होता, ते 4 मे 1982 रोजी फॉकलंडच्या समुद्रात दिसले. अर्जेंटिनाच्या विमानाने सोडलेले एक्झोसेट क्षेपणास्त्र ब्रिटनच्या ‘शेफील्ड’ विनाशिकेवर आदळले, वीस जण गेले. शेफील्डवर तेच टाइप 965 होते. एकट्या रडारला बोल लावणे मात्र अन्यायाचे ठरेल; जवळच्या ‘ग्लासगो’ने ती विमाने टिपली होती आणि इशाराही दिला होता. पण ब्रिटनने आपल्या विनाशिकांवर त्या जागी जे ‘टाइप 1022’ बसवले, त्याचा गाभा सिग्नालच्या ‘एलडब्ल्यू-08’चा. म्हणजे ज्या रडारकडे ब्रिटिश वळले, त्याच वंशातले यंत्र माझगावच्या जहाजांवर फिरत होते.

गोदावरीवर हेच एलडब्ल्यू-08 होते. त्याचा अँटेना म्हणजे एक रुंद बाकदार जाळी. ती मिनिटाला पंधरा फेऱ्या घेते असे धरले, तर एकदा दिसलेले लक्ष्य पुन्हा दिसायला चार सेकंद लागतात. हे रडार अंतर आणि दिशा सांगते, उंची सांगत नाही. उंचीसाठी सोव्हिएत अंगारा. दूरची नजर एकाची, उंचीचा अंदाज दुसऱ्याचा, अशी ही वाटणी होती. गरजेपोटी झाली असली तरी ती अडाणी नव्हती.

लहर किती लांब, यावर रडारचा स्वभाव ठरतो. एलडब्ल्यू-08च्या लहरी वीसएक सेंटिमीटरच्या, म्हणून पावसाचा अडथळा त्यांना कमी होतो. 2015च्या दुष्काळात मराठवाड्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला तेव्हा औरंगाबादला बसवलेले सी-बँड रडार पाचएक सेंटिमीटर लहरींचे होते, कारण तिथे थेंबच शोधायचे होते. ढगांचा जो पसारा पडद्यावरून पुसावा म्हणून नौदलाचा रडारवाला धडपडतो, त्याच पसाऱ्याकडे बीडचा शेतकरी डोळे लावून बसला होता.

गोदावरीची परीक्षा नोव्हेंबर 1988 मध्ये झाली. मालदीवमधला उठाव फसल्यावर भाडोत्री सैनिक ओलिसांसह ‘प्रोग्रेस लाइट’ हे व्यापारी जहाज घेऊन पळाले. नौदलाच्या टेहळणी विमानांनी त्याचा माग धरला, आणि गोदावरी व ‘बेतवा’ यांनी ते गाठून थांबवले.

तोवर खरे संकट मात्र बदलले होते. पृथ्वी गोल असल्याने रडारलाही क्षितिज असते. पंचवीस मीटर उंचीवरच्या अँटेनाला पाण्यापासून पाच मीटरवर उडणारे क्षेपणास्त्र जेमतेम तीस किलोमीटरवर दिसते. ते सेकंदाला तीनशे मीटर वेगाने येत असेल तर हातात उरतात शंभर सेकंद. त्यातले चार-चार सेकंद जाळी फिरण्याची वाट पाहण्यात घालवणे परवडणारे नव्हते. पुढे इस्रायलची ‘बराक-1’ क्षेपणास्त्रे आणि त्यांचे रडार घेतले गेले ते याच कारणाने. 2006 मध्ये डीआरडीओ आणि इस्रायल एरोस्पेस इंडस्ट्रीज यांनी लांब पल्ल्याचे ‘बराक-8’ मिळून घडवायचे ठरवले. त्याच्या जोडीचे ‘एमएफ-स्टार’ रडार फिरतच नाही. मनोऱ्याच्या चार बाजूंना चार पटले असतात आणि प्रत्येक पटलावर असंख्य छोटे प्रक्षेपक. त्यांच्या लहरींची लय थोडी मागेपुढे केली की किरण हव्या त्या दिशेला वळतो, पटल जागचे हलत नाही.

हे रडार घेऊन माझगावने बांधलेली ‘कोलकाता’ विनाशिका 16 ऑगस्ट 2014 रोजी मुंबईत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते नौदलात दाखल झाली. रडार होते, पण बराक-8 तयार व्हायचे होते. डोळे उघडे पण हात रिकामे अशा अवस्थेत तिने वर्षाहून अधिक काळ काढला. गोदावरी 23 डिसेंबर 2015 रोजी मुंबईत निवृत्त झाली आणि त्यानंतर आठवडाभरातच कोलकाताने बराक-8 पहिल्यांदा डागले. पुढे विशाखापट्टणम वर्गाच्या चार विनाशिकांवर हेच रडार आले. त्यांतली ‘सुरत’ 15 जानेवारी 2025 रोजी नौदलात आली, आणि त्याच दिवशी नवी ‘निलगिरी’ही.

गंमत अशी की कोलकातावर एमएफ-स्टारच्या सोबतीला ती फिरती डच जाळीही आहेच. लांब लहरींची दूरची नजर अजून कामाची आहे. आता तिच्याही जागी नवे यंत्र येऊ लागले आहे: स्पेनच्या इंद्रा कंपनीचे ‘लान्झा-एन’ त्रिमितीय रडार टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्सने 2025 मध्ये भारतीय युद्धनौकेवर बसवले. जोडणी-यंत्रणेचे काम अर्थातच पुन्हा इथल्या अभियंत्यांच्या वाट्याला आले.