कोऱ्या चिठ्ठीची निवडणूक : ब्रिटन, १९३१

पौंडाचे सोने वाचविण्यासाठी जे सरकार अधिकारावर आले, त्यानेच अठ्ठावीस दिवसांत सोने सोडून दिले. आणि तरीही पुढच्याच महिन्यात ब्रिटिश मतदारांनी त्याच सरकारला प्रचंड बहुमताने निवडून दिले. हे कोडे आज आपणांपुढे मांडावे असे आम्ही योजिले आहे.

१९३१ च्या मे महिन्यात व्हिएन्नातील क्रेडिटआनस्टाल्ट ही बडी बँक खचली. जुलैत जर्मनीतील बँकांनी दारे लावली आणि लंडनमध्ये ठेवी ठेवणाऱ्या परदेशी सावकारांच्या पोटात गोळा उठला. नेमक्या त्याच वेळी, ३१ जुलै रोजी, सर जॉर्ज मे यांच्या समितीने अंदाजपत्रकात १२ कोटी पौंडांची तूट येणार असे जाहीर केले. उपाय काय, तर काटकसर. आणि तिचा मोठा घाव बेकारांच्या भत्त्यावर. नवे परदेशी कर्ज हवे तर हा भत्ता शेकडा १० ने कापावा काय, या प्रश्नावर रॅम्से मॅक्डोनल्ड यांचे मजूर मंत्रिमंडळ २३ ऑगस्टला दुभंगले. अकरा बाजूने, नऊ विरुद्ध.

बेकार पुरुषास आठवड्याला १७ शिलिंग मिळत, त्यांचे १५ शिलिंग ३ पेन्स व्हायचे होते. पावणेदोन शिलिंगांवरून सरकार पडले, असे कोणी हसून म्हणेल. पण ज्याची चूल त्या सतरांतच पेटत होती त्याला हा हिशेब हसण्याजोगा नव्हता. सावकारांच्या समाधानासाठी बेकारांच्याच ताटातला घास काढण्यास आर्थर हेंडरसन व त्यांचे सहकारी तयार नव्हते. उलट अर्थमंत्री फिलिप स्नोडेन यांना भय होते ते पौंड कोसळून मजुरीचीच किंमत नाहीशी होण्याचे. हेंडरसन यांची बाजू माणुसकीची खरी, परंतु इतर बहुतेक काटकसरीला त्यांनीही मान डोलावली होती, आणि सोने सोडावे असे म्हणण्याचे धैर्य दोन्ही बाजूंना नव्हते.

२४ ऑगस्टला राजीनामा देण्यास राजवाड्यात गेलेले मॅक्डोनल्ड हुजूर व उदारमतवादी पक्षांसह राष्ट्रीय सरकार बनविण्याचे काम घेऊन बाहेर आले. त्यांच्या स्वपक्षाने त्यांना पुढे काढून टाकले. भत्ता कापला, शिक्षकांचे पगार कापले, खलाशांचेही. १५ सप्टेंबरला इन्व्हरगॉर्डन येथे आरमारी खलाशांनी कामास नकार दिला. ती बातमी ऐकून सोन्याची गळती अनावर झाली आणि २१ सप्टेंबरला सुवर्णचलन संपले. पौंड घसरला हे खरे, पण देशातील भाव गगनाला भिडले नाहीत. स्नोडेन यांचे भय अनाठायी ठरले होते.

मग २७ ऑक्टोबरच्या मतदानात लोकांना विचारले काय? हुजूर पक्षास जकात हवी, तर उदारमतवाद्यांना खुला व्यापार. म्हणून औषधाचे नाव न घेता वैद्यालाच अधिकार द्या, अशी मागणी झाली. मजूर पक्ष आला तर पोस्टातील बचत बुडेल, अशी भीती घरोघर पोचविण्यात आली. स्वतः उमेदवार नसलेल्या स्नोडेन यांनी रेडिओवरून आपल्याच जुन्या पक्षाचा कार्यक्रम म्हणजे माथेफिरू बोल्शेव्हिकपणा होय, असे सांगितले. ६१५ पैकी ५५४ जागा सरकारकडे गेल्या. मजूर पक्ष २८७ वरून ५२ वर आला, हेंडरसनही पडले. तरी त्या पक्षास सहासष्ट लाखांवर मते पडली, हे सहसा सांगितले जात नाही.

या प्रकरणाचे एक टोक मुंबईपर्यंत येते. २१ सप्टेंबरला गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्येच होते. सिमल्याच्या सरकारने त्या दिवशी सोने व स्टर्लिंग विकण्याचे बंधन उठविले, तर लंडनहून भारतमंत्री सर सॅम्युएल होअर यांनी रुपया १८ पेन्सांच्या दराने स्टर्लिंगलाच बांधलेला राहील असे जाहीर केले. चालले लंडनचेच. १६ पेन्सांचा दर हवा, हे सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी १९२६ मध्येच आपल्या भिन्नमतपत्रिकेत मांडले होते; ते कागदावरच राहिले. पौंडाबरोबर रुपया उतरला, सोन्याचा भाव चढला. धान्याला मात्र भाव नव्हता. सारा आणि सावकाराचे देणे भागविण्यासाठी शेतकऱ्यांच्या घरचे दागिने बाजारात आले, वितळले आणि मुंबई बंदरातून बोटीने लंडनकडे गेले. ज्या मतपेटीने या धोरणावर शिक्का मारला, तीत त्या घरांचे एकही मत नव्हते.